आजारी आधी

७ फेब्रुवारी

धाकटीस,

तुझ्या दोन्ही कोंबड्या एक तारखेलाच पोचल्या. ज्या टेम्पोवाल्याच्या हवाली तू त्यांना केलंस, त्याने खोकं उलटं धरलं होतं आणि वर मलाच सांगत होता, "आजी, सांभाळून हां." मी त्याला म्हटलं, आजी तुझ्या घरी असेल, आधी खोकं सुलटं कर.

फोन का उचलत नाहीस, असं तू खोक्यातल्या चिठ्ठीत विचारलंस. चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून मी लोकांची बोलणी जोडून दिली. त्यांतल्या निम्म्यांना बोलण्यासारखं काही नव्हतं आणि उरलेल्यांनी बोलायला नको होतं. आता जे सांगायचं ते लिहून सांग. लिहिताना माणूस थोडा तरी विचार करतो.

कोंबड्या देखण्या आहेत. खोक्यातून काढल्या त्या सरळ माझ्या अकराजणींत सोडून दिल्या. थोडी चोचाचोची झाली, मग एका दांडीवर बसल्या. एक वाईट बातमी मात्र आहे. आमची प्रिन्सिपॉल काल गेली. साडेपाच वर्षांची होती, म्हणजे वय झालंच होतं. तीन दिवस पिसं फुगवून कोपऱ्यात बसून होती. मी तिला बाथरूममध्ये टोपलीत ठेवलं आणि चमच्याने पाणी पाजलं, पण नाही राहिली. पेरूखाली पुरली. शेजारच्या टेलरबाई कुंपणावरून म्हणाल्या, "सुटली बिचारी." त्यांना सगळ्यांचंच सुटणं दिसतं, आपल्या मशीनवरून त्या कधी सुटत नाहीत म्हणून असेल.

तुला ठाऊकच आहे, आमची दोघींची अकरा वर्षांची कामाची वाटणी आहे. सकाळी दोन्ही खुराड्यांचं दार मी उघडते आणि दाणापाणी करते, कारण बाईंना साडेसहाला शाळेचे गणवेश शिवायला बसायचं असतं. संध्याकाळी दोन्हीकडची दारं त्या लावतात, कारण मला तिन्हीसांजेला नीट दिसत नाही. एवढ्या वर्षांत एकदाही कोंबडी बाहेर राहिली नाही. लग्नंसुद्धा इतकी सुरळीत चालत नाहीत.

मेहुण्यांना नमस्कार.

ताई


१३ फेब्रुवारी

प्रिय ताई,

पत्र मिळालं. प्रिन्सिपॉलबद्दल वाचून फार वाईट वाटलं. वयामुळेच ना? म्हणजे वयच झालं असणार. तिची शी कशी होती? सहज विचारतेय.

दोघी खातात का नीट? तू त्यांना लगेच बाकीच्यांत सोडलंस, ते जरा घाईचं झालं का गं? नवीन कोंबड्या पंधरा दिवस वेगळ्या ठेवाव्यात असं इथे कुणीतरी म्हणत होतं. मी चिठ्ठीत लिहायला हवं होतं. लिहिणारच होते, पण टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

बाकी आमच्याकडे सगळं ठीक. खुराडं रिकामं करून चुना मारायला काढलंय. हे सध्या कामासाठी बाहेर असतात, आठवड्याने एकदा येतात. त्यांना तू पत्रात कोंबड्यांचं काही लिहू नकोस, उगाच चिडतात. त्यांना आता कोंबड्या हा विषयच नको झालाय.

स्वतःची काळजी घे. हात धूत जा.

तुझी धाकटी


१८ फेब्रुवारी

धाकटीस,

हात धूत जा म्हणे. मला. आपल्या दोघींपैकी मधल्या सुट्टीत नखं तपासताना कुणाला रांगेबाहेर काढायचे ते आठव जरा.

इथे काय चाललंय ते मला समजत नाही. बारा तारखेला टेलरबाईंची एक पांढरी कोंबडी कुंपणाला टेकून मेलेली सापडली. आदल्या दिवशी चांगली उड्या मारत होती. तेरा तारखेला माझी चिंधी तोंड उघडं टाकून श्वास घ्यायला लागली. चौदाला मुकादमीण हिरवं हगली. हिरवं म्हणजे पालकासारखं नव्हे, पितळेवर चढलेल्या हिरव्या थरासारखं. पंधराला एकीची मान अशी काही वळली की चोच पाठीला लागली आणि ती उलटी उलटी चालत भिंतीवर जाऊन आदळली. मी साठी ओलांडलेली बाई, पण ते बघून रडले. आजपर्यंत माझ्या चार गेल्या. बाईंच्या नऊपैकी तीन.

औषधाच्या दुकानातला म्हणतो सर्दी आहे. भाजीवाली म्हणते नजर. टेलरबाई म्हणतात हवा बदललीय. हवा बदलली तर माझी मान का नाही वळली?

मी बाथरूममध्ये रीतसर आजारखोली थाटली आहे. तीन टोपल्या, जुन्या चादरी, पाण्याच्या वाट्या. आणि आपल्या होस्टेलच्या सिस्टरांचा नियम पाळते आहे. आठवतो ना? आजारी आधी, बाकीचे नंतर, आपण शेवटी. पहाटे उठले की एप्रन चढवते, आधी आजाऱ्यांना चमच्याने पाणी आणि भिजवलेले दाणे भरवते, त्यांच्या टोपल्या साफ करते. मग आमचं खुराडं उघडते, मग बाईंचं. चहा त्यानंतर. इतकी शिस्त असून रोग हटत नाही, तेव्हा तो येतो कुठून हे उघड आहे.

त्यांची पहिली मेली. माझी प्रिन्सिपॉल वयाने गेली, ती यात धरायची नाही. त्यांच्या खुराड्यात भुसा महिन्यातून एकदा बदलतात, तोही मी बोलले तर. आणि संध्याकाळी त्याच हातांनी त्या माझं दार लावायला येतात. दोन आणि दोन किती होतात ते सांगायला गणिताच्या बाई लागत नाहीत.

तुझ्या दोघी तेवढ्या टुणटुणीत आहेत. सगळीकडे मरण चाललंय आणि या दोघी अंडी घालताहेत. चांगल्या घरच्या पोरी आहेत, दुसरं काय.

ताई


२३ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र तीनदा वाचलं. रात्रभर डोळा नाही. तू सिस्टरांचा नियम पाळतेस हे वाचून भरून आलं, तसंच कर, तेच बरोबर आहे. मीही इथे तसंच केलं होतं. म्हणजे केलं असतं.

लसूण ठेचून पाण्यात घाल. नाहीतर नको घालूस, पाणी प्यायच्या थांबतील. व्हिनेगरचे दोन थेंब. खुराड्याजवळ धूर कर असंही कुणी म्हणतं, पण धाप लागलेल्यांना धूर कसा चालेल कोण जाणे. जनावरांच्या डॉक्टरला एकदा दाखवशील का? लवकर दाखव.

एक सांगू? टेलरबाईंवर एवढी चिडू नकोस. रोग कुठूनही येतो. कावळ्याने आणला असेल, उंदराने आणला असेल. त्या बाईंनी तुला न्यूमोनिया झाला तेव्हा बारा दिवस डबा दिला होता. त्यांच्याशी काही बोलू नकोस. निदान माझं पुढचं पत्र येईपर्यंत बोलू नकोस.

दोघींना बाकीच्यांपासून लांब ठेव. त्यांना होईल म्हणून नाही. असंच.

धाकटी


२८ फेब्रुवारी

धाकटीस,

लसूण घाल, लसूण घालू नकोस. धूर कर, धूर कसा चालेल. तू उंटावरून शेळ्या हाकतेस, आणि त्याही दोन दिशांना.

तुझं पत्र पोचलं त्याआधीच मी बोलून चुकले होते. बोलले म्हणजे तोंडाने नाही. वीस तारखेला मुकादमीण गेली तेव्हा मी नगरपालिकेच्या आरोग्य विभागात तक्रार दिली. टाइप करून, दोन प्रतींत, पोच घेऊन. शेजारच्या खुराड्यातल्या अस्वच्छतेमुळे साथ पसरली, प्रथम मृत्यू तिथेच झाला, कारवाई व्हावी. एक्स्चेंजमध्ये असताना मी मोठमोठ्या साहेबांना मेमो दिले आहेत. मसुदा कसा करायचा ते मला येतं.

कोणी येऊन पाहिलं नाही. टेबलावरच निर्णय झाला आणि काल नोटीस लागली. बाईंनी पंधरा मार्चच्या आत खुराडं पाडायचं, उरलेल्या चार कोंबड्या हलवायच्या आणि पुन्हा पाळायच्या नाहीत. पुन्हा पाळायच्या नाहीत, एवढं मी मागितलं नव्हतं. ते त्यांनी आपल्या मनाने घातलं. पण सही त्यांची, शिक्का त्यांचा.

आज सकाळी माझ्या दाराशी एक पिशवी होती. शिवायला दिलेले उशांचे अभ्रे. कापले होते, शिवले नव्हते. चिठ्ठी नाही, काही नाही. मशीनचा आवाज मात्र दिवसभर चालू होता, नेहमीपेक्षा जोरात. दारं आता ज्याची त्याने उघडायची आणि ज्याची त्याने लावायची. मी संध्याकाळी टॉर्च घेऊन चाचपडत जाते.

एक गोष्ट मला कळत नाही. तू टेलरबाईंना आयुष्यात दोनदा भेटलीस. त्यांची एवढी बाजू तू का घेतेस? मी तुझी बहीण आहे की त्या? शिवाय खुराडं रिकामं करून चुना मारतेस म्हणालीस, मग तुझ्या बाकीच्या नऊ कोंबड्या इतके दिवस कुठे ठेवल्यास? तुझ्या घरात तर पाहुणा आला की तो ओट्यावर झोपतो.

माझ्या आता तीन उरल्या, आणि तुझ्या दोन.

ताई


४ मार्च

ताई,

त्या नऊ मेल्या.

जानेवारीत, बारा दिवसांत. हिरवी शी, धाप, मान वळलेली, सगळं तू लिहिलंस तसंच. डॉक्टरांनी मानमोडी, म्हणजे राणीखेत, म्हणून सांगितलं आणि उरलेल्या दोघींच्या डोळ्यांत लशीचे थेंब घातले. म्हणाले, या कदाचित वाचतील, पण यांना कुणाला देऊ नका. हे म्हणाले, देण्याचा प्रश्नच नाही, उद्या दोन्ही पुरून टाक. मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी हे कामावर गेले आणि मी टेम्पोवाल्याला गाठलं. यांना अजून वाटतं की त्या अंगणात पुरल्या आहेत. मी तिथे झेंडूही लावलाय.

मला वाटलं, इतक्या मरणातून ज्या वाचल्या त्या सगळ्यांत चांगल्या. आणि चांगलं असेल ते तुला द्यावं. तू एकटी असतेस. खरंच असंच वाटलं. नंतर तुझं पहिलं पत्र आलं आणि प्रिन्सिपॉल पिसं फुगवून बसली होती हे वाचलं तेव्हा मला शंका आली. पण तू लिहिलं होतंस वय झालं होतं, म्हणून मी तेच धरून बसले.

चोर सोडून संन्याशाला फाशी होतेय, ताई, आणि चोर मी आहे. पंधरा तारखेच्या आत काहीतरी कर. मी येऊ का? मी येऊन त्या बाईंना सांगते.

धाकटी


८ मार्च

पत्र मिळालं. येऊ नकोस. तुझ्या चपला तिकडेच राहू देत.

मी डॉक्टरीणबाईंना बोलावलं आहे. तुला काय लिहायचं ते मला आत्ता सुचत नाही आणि जे सुचतंय ते पोस्टाने पाठवण्यासारखं नाही.

ताई


१३ मार्च

ताई,

पाच दिवस झाले. शिव्या दे, पण लिही. पंधरा तारीख परवावर आली. नोटिशीचं काय झालं?

यांना मी सगळं सांगितलं. ते बाहेर जाऊन झेंडूकडे बघत उभे राहिले.

धाकटी


१९ मार्च

धाकटीस,

आता लिहिते. क्रमाने लिहिते, कारण माझ्याच डोक्यात क्रम राहिलेला नाही.

डॉक्टरीणबाई नऊ तारखेला आल्या. जेमतेम तिशीची मुलगी, पायांत प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून आत आली. मी तिला तुझ्या कोंबड्यांचं सांगितलं. वाचलेल्या कोंबडीच्या विष्ठेतून रोग बाहेर पडत राहतो, असं ती म्हणाली. म्हणजे तुझा गुन्हा शाबीत झाला, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. टेलरबाई नाही तर धाकटी. मी नाही, एवढं नक्की झालं.

मग तिने वही काढली. "रोग शेजारी कसा पोचला? तुमच्या कोंबड्या कुंपण ओलांडतात?"

"माझ्या कोंबड्यांना वळण आहे."

"बरं. सकाळी उठल्यावर आधी कुणाकडे जाता?"

"आजाऱ्यांकडे. कुणीही संस्कारी माणूस तेच करेल."

"मग?"

"मग माझ्या धडधाकट कोंबड्या. मग टेलरबाईंच्या."

"हात धुऊन?"

"साबणाने. मला काय समजलात?"

"आणि एप्रन? चपला?"

मी पाय मागे घेतले. चपला कोण धुतं, धाकटे? तू धुतेस?

तिने पेन खाली ठेवलं. म्हणाली, "आज्जी, कोंबड्यांत उलटं असतं. आधी धडधाकट, शेवटी आजारी. तुम्ही रोज पहाटे रोग उचललात आणि घरोघर पोचवलात. प्रिन्सिपॉल बाथरूममध्ये होती तेव्हापासून." इतक्या मऊ आवाजात म्हणाली की मला तिला आजी म्हणण्याबद्दल झापताही आलं नाही.

सिस्टर चुकीच्या होत्या का? मला नाही वाटत. त्या माणसांबद्दल बोलत होत्या. की आपण बाकीच्या मुलीही एकापाठोपाठ एक तापाने पडायचो, ते त्याचमुळे? ते वर्ष आठव, अख्खी डॉर्मिटरी गोवराने झोपली होती. दोन दिवस मी याच विचारात होते आणि अजून काही ठरलेलं नाही.

अकराला ऑफिसात गेले. कारकून म्हणाला, "मॅडम, तक्रार मागे घ्यायचा अर्ज नसतो. तक्रार खोटी होती असं म्हणायचंय का?"

"खोटी नव्हती. साथ खरी होती. माणूस चुकीचा होता."

"फाइल उघडलीय. रोगाचं ठिकाण म्हणून कुणाचं तरी खुराडं पाडल्याशिवाय ती बंद नाही होणार. बरोबर माणूस ठाऊक असेल तर नाव द्या."

"कागद द्या," म्हटलं.

तिथेच बाकावर बसून नवी तक्रार लिहिली, हातानेच. सदर महिलेने बाहेरून आणलेल्या कोंबड्या चौकशी न करता कळपात सोडल्या, आजारी कोंबडीवर स्वतःच्या अकलेने उपचार केले, तोच एप्रन आणि त्याच चपला घालून शेजारच्या खुराड्यात वावरली, आणि वर शेजारणीवर खोटा आळ घेतला. सदर महिलेवर कारवाई व्हावी. खाली डॉक्टरीणबाईंचा दाखला जोडला. कारकुनाने वाचलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा वाचलं. "तक्रारदार आणि जिच्याविरुद्ध तक्रार ती, एकच?" मी म्हटलं, दोन रकाने आहेत ना, दोन्ही भरलेत, शिक्का मारा.

तुझं नाव त्यात नाही. त्याबद्दल उपकार मानू नकोस. तू दुसऱ्या हद्दीत राहतेस, एवढंच.

मग टेलरबाईंकडे. दार उघडं होतं, त्या मशीनवर होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मॅडम, उंबऱ्याच्या बाहेरच थांबा. डॉक्टर इकडेही येऊन गेल्या." मी थांबले. सगळं सांगितलं, तुझं आणि माझं. वीसेक मिनिटं लागली असतील, त्या वेळात त्यांनी तीन बाह्या जोडल्या.

शेवटी मशीन थांबवलं. "कोंबड्यांचं दुःख आहे, पण ते आहेच," त्या म्हणाल्या. "तुम्ही कुंपणावरून विचारलं असतं की 'बाई, तुमच्याकडून आलं का', तर मी भांडले असते, दोन दिवस बोलले नसते, संपलं असतं. तुम्ही टाइप करून नेलंत. शेजारणीशी कुणी टाइप करून बोलतं?"

मी माफी मागितली. "बरं," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा पायडल मारायला लागल्या. हे बरं म्हणजे कुठलं बरं, ते मला ओळखता आलं नाही. चौतीस वर्षं आवाज ऐकून माणूस ओळखण्यात गेली, तरी नाही आलं.

चौदाला त्यांची नोटीस रद्द झाली, पुन्हा न पाळण्याच्या अटीसकट. सोळाला माझ्याकडे माणसं आली. खुराडं तासाभरात खाली आलं. इतकं कमी लाकूड होतं त्यात, मला कधी वाटलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी पाचही कोंबड्या नेल्या. माझ्या तीन आणि तुझ्या दोन. त्रास होणार नाही म्हणाली. तुझ्यातल्या तांबडीने तिच्या हातमोज्यात शेवटचं अंडं घातलं. ते तिने माझ्याकडे दिलं नाही, पुरायला सांगितलं. पुरलं. मला चाळीस दिवस कुठल्याही कोंबडीच्या जवळ जायचं नाही.

टेलरबाईंचं खुराडं उभं आहे, त्यांच्या चारीजणी जिवंत आहेत. सकाळी दार त्या स्वतः उघडतात, मशीनवर बसायच्या आधी. माझ्या स्वयंपाकघरात कडीचा आवाज येतो. मी आतच बसून राहते. काल आवाज आल्यावर त्या मोठ्याने म्हणाल्या, "चौघी आहेत." कोंबड्यांशी बोलत होत्या की माझ्याशी, माहीत नाही. मी आतून "बरं" म्हटलं. आता त्यांना कोड्यात पडू देत.

तुझ्याबद्दल. गेले दहाबारा दिवस मी तुझ्यावर चिडून आहे, पण एक हिशेब जुळत नाही. समज, जानेवारीत तू सरळ लिहिलं असतंस की नऊ मेल्या, दोन उरल्या, काय करू. मी काय उत्तर दिलं असतं? मी स्वतःला ओळखते. मी लिहिलं असतं, दे माझ्याकडे पाठवून, तुला जमत नसेल तर मी बऱ्या करते. त्या आल्या असत्या आणि मी आजारी आधी म्हणत त्याच चपला घालून फिरले असते. म्हणजे तू खरं सांगितलं असतंस तरी इथे हेच झालं असतं. मग मी चिडलेय ती नेमकी कशावर? चिडलेय हे नक्की. धागा सापडत नाही.

तू समोर असलीस तर कदाचित सापडेल. चाळीस दिवस संपले की ये. मेहुण्यांनाही आण, मला आपल्या दोघींतर्फे त्यांची माफी मागायची आहे आणि त्यांनी तुला काही ऐकवलं असेल तर तेही विचारायचं आहे. टेलरबाईंसमोर तुला उभी करीन, तयारीने ये. आणि धाकटे, जन्मात एकदा तरी माझ्याकडे रिकाम्या हाताने ये.

ताई